सकिनाच्या छतातलं पाणी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्यासमोर एकदा बोलून झालं की मग दुसरीकडे बोलताना जीभ अडखळणार नाही — एवढाच हिशेब.

आम्ही गुहागरकडचे. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, तयारी केल्याशिवाय आमच्याकडे बाईला चैन पडत नाही. बहारीनमध्ये पाऊस येतो तो थंडीत, म्हणून माझी आगोट नोव्हेंबरमध्ये. उम्म अल हस्समच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मीच हलवून जागं करायचे. खिडक्यांच्या फटी बुजवा, एसीला प्लास्टिक बांधा, गीझर तपासून घ्या. लोक हसायचे, पण करायचे. आणि मला त्याचा तोरा होता — होता म्हणजे काय, चांगलाच होता.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर; समोरच्या दारात सकिना राहायची, श्रीवर्धनची. नवरा युसूफभाई एका गोदामात क्लार्क. त्या थंडीत ती लेकीच्या लग्नाचा शरारा स्वतः शिवत होती. त्यावर जरीचं काम एवढं बारीक, की मी हात धुऊनच तो बघायचे.

"गच्ची बघितलीस काय गो?" तिने विचारलं होतं.

"बघितली. तू निवांत शिव."

बघितली होती का? वर गेले होते, हे खरं. टाक्यांची झाकणं बांधली, सामान आडोशाला लावलं. पण पाणी जायच्या पाइपाकडे — तिथे मी गेलेच नाही. त्यावर माझी जुनी खाट उलटी टाकलेली होती. उन्हाळ्यात मी त्या खाटेवर सुकट वाळवायचे. पाइपातून झुरळं वर येऊन सुकटीवर फिरायची, म्हणून नवऱ्याच्या ड्युटीच्या फाटक्या पँटीचा एक पाय त्यात कोंबला होता. ठासून. इथे पाऊस पडतो तरी किती? विसरले.

आणि मग तो पाऊस आला. सकाळपासून थांबलाच नाही. गच्चीचा उतार सकिनाच्या बाजूला. दुपारी तिच्या छताचं प्लास्टर भिजून खाली आलं — मशिनवर, शराऱ्यावर. जरीचं काम काळं पडलं, रंग एकमेकांत उतरले. तिची किंकाळी ऐकली आणि मला त्याच क्षणी पाइप आठवला. तिच्याकडे धावायचं सोडून मी कुठे गेले असेन? गच्चीवर. घोटाभर पाण्यात वाकून तो पँटीचा पाय उपसला, कचऱ्याच्या पिशवीत घातला आणि मगच खाली येऊन तिला मिठी मारली. माझे हात थंडगार होते. तिला वाटलं, मीही घाबरलेय.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येत.

त्याच महिन्यात युसूफभाईंनी गच्चीवर डिश बसवली होती. स्लॅबला भोकं पाडून, बोल्ट ठोकून. सकिना त्यांच्या अंगावर गेली — "तुमच्या त्या डिशनं माझ्या पोरीचा शरारा खाल्लान!" ते बिचारे सांगत राहिले, की प्रत्येक भोकात सिलिकॉन भरलाय. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर गच्ची बघितलीत. सांगा हिला."

मी काय सांगितलं?

"बोल्टांतूनच झिरपलं असणार, युसूफभाई. दुसरं काय?"

मालकाचा मुलगा आला, वर बघून म्हणाला, "खलास. डिश मफी." म्हणजे डिश काढा, विषय संपला. दुरुस्ती युसूफभाईंच्याच माथी आली. लेक विकतचा शरारा घालून उभी राहिली. भर लग्नात सकिनाने तो विषय काढला, पाहुण्यांसमोर, आणि युसूफभाई जेवता जेवता उठून गेले. मी तिथेच बसले होते. पुढे त्यांनी ते घर सोडलं. सामान बांधायला मीच होते — सगळ्यात पुढे.

गेल्या शुक्रवारी अरादला त्यांच्या आताच्या घरी गेले. कित्येक वर्षं झाली त्या घराला, पण भिंतीवर काही नाही. घड्याळ फ्रिजवर. लेकीच्या लग्नाचा फोटो जमिनीवर, भिंतीला टेकवलेला. मी विचारलं, तर सकिना हसून म्हणाली, "ते खिळा ठोकत नाहीत गो. मीच एकदा बोलले होते, ह्यांच्या हाताला यश नाही म्हणून. तेव्हापासून हातोडी धरली नाही."

युसूफभाई चहाचा कप घेऊन बसले होते. तेही हसले. मला त्या हसण्याची शरम वाटली, आणि स्वतःची किळस.

या शुक्रवारी पुन्हा जातेय. दोघं समोर असताना सांगणार — पाइपाचं, पँटीचं, माझ्या तोंडच्या त्या वाक्याचं. तिने दार लावून घेतलं, तर दाराबाहेर उभी राहून सांगेन. माफ कर म्हणणार नाही. ते म्हटलं की पुन्हा तिनेच मला काहीतरी द्यायचं, नाही का? फक्त एवढं तिच्या कानावर घालायचंय, त्यांच्यादेखत — युसूफभाईंनी पाडलेल्या भोकांतून पाण्याचा एक थेंबही आला नव्हता.