खुर्चीचं तिकीट

"उठा बुवा. हे खुर्ची पावण्याची हाय."

एवढंच बोलला तो. आणि माझा बाप उठला. का म्हणून विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्याचा उजवा गुडघा वाकत नाही, ज्याला खाटेवरून उठायला भिंतीचा आधार लागतो, तो माणूस एका शब्दावर उभा राहिला. खुर्चीवर टाकलेलं पोतं त्याने उचललं आणि काखेत मारलं. राग यायला हवा होता त्या कार्यकर्त्याचा. मला आधी बापाचा आला.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. हिंगणघाटला कबड्डीचे मोठे सामने भरले होते. मोठमोठ्या खात्यांचे पगारी खेळाडू आले होते. मैदान चारी बाजूंनी टिनाचे पत्रे ठोकून बंद केलेलं, कारण हा खेळ आता फुकट नव्हता. जमिनीचं तिकीट दोन रुपये. तिथे डोक्यावर ऊन आणि बुडाखाली ढेकळं. खुर्चीचं पंधरा. तिथे मांडव, पाठ टेकायला जागा, स्टीलच्या पेल्यात पाणी. गिरडकडच्या आमच्या वस्तीतलं कोणी कधी त्या मांडवात बसलं नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स होऊन वर्ष झालं होतं. मी खुर्चीची दोन तिकिटं काढली. अंतिम सामन्याची, दुपारी चारची.

माझ्या हौसेसाठी नाही. मला कबड्डीतलं फार कळत नाही. बापासाठी.

बाप तरुणपणी हुतूतू खेळायचा. गावच्या पाटलाच्या संघात होता, कारण त्याच्यासारखी चढाई करणारा आसपासच्या गावांत दुसरा नव्हता. खेळात सगळे त्याच्या अंगावर पडत. पाय धरत, कंबर धरत, घामाला घाम लागे. चालायचं. शिट्टी वाजली की विटाळ परत यायचा. बाकीच्यांना गडव्यातून पाणी, बापाला वरून ओंजळीत. अशाच एका सामन्यात चौघांनी मिळून त्याचा गुडघा मोडला. पाटलाचा संघ जिंकला. गुडघा जुळला, पण ताठ. तेव्हापासून त्याला जमिनीवर बसता येईना आणि खुर्ची कोणी देईना. पुढची वीस-बावीस वर्षं त्याने प्रत्येक सामना दोरीमागे उभ्याने पाहिला. मागचे ओरडले की आणखी मागे सरकायचं. मला एवढंच हवं होतं. एक सामना बापाने बसून पाहावा.

निघताना त्याने पोतं काखेत घेतलं तेव्हाच मी म्हणाले होते, "तिकीट खुर्चीचं हाय. पोतं काऊन घेता?"

"असू दे माय. खुर्ची खराब होईन."

धोतर सकाळीच धुतलेलं. सदरा नवा. तरी माझ्या पगारातल्या खुर्चीवर माझा बाप पोतं अंथरून कडेला टेकला होता. तेवढंही दहा मिनिटं.

"तिकीट हाय त्याईचं," मी कार्यकर्त्याला म्हणाले. छातीवर रेशमी बिल्ला, चेहरा ओळखीचा. त्याच्या दोन्ही लेकरांना लस मीच टोचली होती.

"तुकडा दाखवा मंग."

मी माझा दाखवला. बाप खिसे चाचपत राहिला. मग म्हणाला, "फाटकावर देल्लं."

"पुरं देल्लं?" मी विचारलं.

"मंग. तिकीट त घेतेच ना थे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जमिनीचं तिकीट फाटकावर सबंध काढून घेतात. खुर्चीचं मधोमध फाडतात आणि नंबराचा तुकडा परत देतात. बापाला जन्मभर जमिनीचंच तिकीट माहीत, तमाशाचं असो की सर्कशीचं. त्याने ते सवयीने हातात ठेवलं आणि पुढे निघाला. फाटकावर काही परत मिळतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी पुढे होते, मी पाहिलं नाही. फाटकावरच्याने पाहिलं, पण त्याला हाक मारावीशी वाटली नाही.

मी फाटकावर गेले. खुर्चीच्या तिकिटांच्या वेगळ्या खोक्यात फाडलेले तुकडे आणि त्यांत एकच सबंध तिकीट. शोधायला वेळ लागला नाही. ते घेऊन परत आले तर खुर्चीत पाहुणा बसला होता. पांढरा सफारी, मांडीवर पानाचा डबा. माणूस सभ्य दिसत होता. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली, मी पाणी घेऊन आल्यासारखी.

मी तिकीट कार्यकर्त्यासमोर धरलं. त्याने नंबर पाहिला. पुन्हा पाहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "झालं गेलं, नर्सबाई. तुमी बसा न, तुमाले कोण उठवून राह्यलं? बुवाले उभ्यानं पाह्याची सवय हाय. पैसे देतो वापस त्याईचे."

सवय हाय.

माझं डोकं फिरलं. ही सवय काय आईच्या पोटातून घेऊन आला होता तो? तिकडे बाप दोरीमागे जाऊन उभाही राहिला होता. भर उन्हात. तिथून मला हाताने खुणावत होता, बस, तू बस.

माझी खुर्ची त्याला देता आली असती. मनात आलंही. पण मग दोन तिकिटांत एकच खुर्ची झाली असती, आणि आम्हाला तेवढी पुरते हे त्यांनी धरलेलंच होतं. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं असतं आणि ते फुकटात सुटले असते.

मी पाहुण्याच्या समोर जाऊन उभी राहिले. मैदानाकडे पाठ, त्याच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर.

शिट्टी झाली. पाहुण्याने डावीकडून मान काढली, मी तिकडे सरकले. उजवीकडून काढली, मी उजवीकडे. मागच्या खुर्च्यांवरून ओरडा सुरू झाला.

"ओ बाई, खाली बसा."

"माझ्या बापाची खुर्ची द्या. बसते."

"आमी पैसे देऊन आलो."

"मी बी देऊनच आली."

चार कार्यकर्ते जमले. पण मला धरून काढायचं कोणी? एक तर बाई, त्यात आमच्या वस्तीतली. लेकराला सुई टोचताना माझा हात चालतो. चारचौघांत मला शिवायला मात्र एकजण पुढे येईना. तो विटाळ आयुष्यात एकदाच माझ्या कामी आला.

शेवटी पाहुणा म्हणाला, "बाई, यात माझी काय चूक?"

"तुमचं तिकीट दाखवा."

त्याने कार्यकर्त्याकडे पाहिलं. तिकीट नव्हतंच. त्याला कधी लागलंच नव्हतं. तरी तो उठला नाही.

सबंध सामना मी पाठीनेच ऐकला. टाळ्या, शिट्ट्या, पंचाचा आवाज. संपल्यावर वळून पाहिलं तर दोरीमागे बाप नव्हता. तो केव्हाच बाहेर जाऊन एस.टी.च्या थांब्यावर उभा राहिला होता. लाजेने.

गाडीने जाम गाव मागे टाकलं. तेव्हा बाप म्हणाला, "कोण जितलं?"

"मले नाई मालूम."

"मलेई नाई." मग म्हणाला, "काऊन केलं असं? सारे लोकं तुह्याकडेच पाहून राह्यले होते."

"पाहू द्या."

त्याला ते पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही. तो पुन्हा कुठल्याही सामन्याला आला नाही, आणि बसून सामना पाहायचा राहिला तो राहिलाच. मी काही जिंकले नाही. मी फक्त एका माणसाला पाहू दिलं नाही.

पण तेव्हापासून एक ठरवून टाकलं आहे. कुठल्याही फाटकावर मी तिकीट देते आणि हात तसाच पुढे ठेवते. मागे रांग खोळंबते. फाटकावरचा म्हणतो, बाई, चला न समोर. मी चालत नाही. तुकडा हातात पडतो, त्यावरचा नंबर मी वाचते, मगच पाऊल उचलते. आणि त्या नंबराच्या खुर्चीवर कोणी बसलेला असला तर त्याला उठवते. कोण आहे, ते विचारत नाही.