मंगळाच्या गेटवर दीपाक्का

कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर मी स्वतः लिहिलेली जातिअंताची पत्रकं वाटत होतो. पाळी सुटून बाहेर पडलेल्या दीपाक्कानं एक घेतलं, गाडीच्या सीटवर बोटांनी ठेका धरला आणि माझं जळजळीत पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. मध्येच थांबली. "लय लांब हाय रं. ह्यात दम कुठं घ्यायचा? दम लागला की मानूस भ्यालाय वाटतं." त्या दिवसापासून माझी वाक्यं आखूड झाली.

ती लेथवर काम करायची आणि उरलेल्या वेळात रॅप. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराच्या खोलीत, वाळलेल्या भोपळ्यांच्या मधोमध मोबाइल ठेवून तिनं अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. नाव 'साल तीन हजार'. "भोपळं आवाज धरत्यात. स्टुडिओवाला नुस्ता भाव खातो," असं तिचं म्हणणं.

अल्बममध्ये कृष्णेवरून उडणाऱ्या बोटी होत्या, संपावर गेलेली यंत्रं होती आणि मंगळावर सांगलीकरांची वसाहत होती. वसाहतीच्या गेटवर रोबोट. तो डोळे तपासतो, रक्त तपासतो, ऑक्सिजन देतो. मग हळूच विचारतो, "आडनाव काय?" गाण्याचं नावही तेच. आपल्याकडे जात विचारायची सभ्य रीत म्हणजे आडनाव विचारणं. दीपाक्का ते कुणालाच सांगत नसे.

साताऱ्यातल्या एका मंडळानं अल्बमच्या कार्यक्रमासाठी हॉल द्यायचं कबूल केलं. संयोजक गाणी ऐकता ऐकता मान डोलवत होते. "पोस्टरवर पूर्ण नाव लागेल. आडनाव?"

"दीपा. एवढंच."

तेवढ्यात ते गाणं लागलं. मान थांबली. "ताई, बाकी सगळं झकास. एवढं एक काढा. भविष्याचं गाणं म्हणता, मग तिथं जात कशाला नेता?"

"मी कुठं न्हेली, दादा? आत्ता पोस्टरला तुमीच मागितली की!"

हॉल गेला. परतताना एसटीत मी समजूत घालू लागलो की एक गाणं गेलं तरी बाकीची लोकांपर्यंत पोचतील.

"एवढी पत्रकं वाटलीस," ती म्हणाली, "त्यातलं एखांदं वाचलंस का रं कवा?"

मग अल्बम इंटरनेटवर टाकायला बसलो. आडनावाचा रकाना रिकामा सोडला, तर पान पुढं सरकेना. खाली लाल अक्षरं. दीपाक्का पोट धरून हसली. "आला बघ मंगळ!" आणि एका बोटानं तिनं त्या रकान्यात टाइप केलं: न्हाई. यंत्रानं निमूट घेतलं. अल्बम आजही 'दीपा न्हाई' या नावानंच आहे. ऐका. कुठलंही गाणं गाळलेलं नाही.

पुढं तिला चाकणला काम लागलं. पहिल्या दिवशी गेटवर पोचली तेव्हा आमचा फोन चालूच होता. वॉचमनचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"आडनाव?"

"न्हाई."

"असं कसं नाही? प्रत्येकाला असतं."

"नाही न्हवं, दादा. न्हाई. न ला ह जोडा. सवकाश ल्हिवा, मी हितनं हलत न्हाई."