मागावर साडी, दारात फणस

आमच्या आजोबांनी माग मोडला आणि खानापूरकडं जाऊन फणसाच्या धंद्यात पडले. त्यामुळं माझे आप्पा नावाला विणकर. मागावरचा धोटा कुठल्या हातानं फेकतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. फणसाला मात्र नुसती थाप मारून आतला गरा करकरीत कापा की लिबलिबीत बरका ते सांगायचे. मला दिली शहापुरात, विणकराच्याच घरी. उन्हाळ्यात दर शनिवारी आप्पा फणसांनी बैलगाडी भरून यायचे, लष्कराच्या कॅम्पात आणि बाजारात विकायचे आणि जाताना माझ्या दारात थांबायचे. माहेर म्हणून मला तेवढंच दिसायचं.

त्या शनिवारी त्यांनी पहिल्यांदाच फणस घरात आणला, गाडीतला सगळ्यात मोठा, आणि बाहेरच्या सोप्यात ठेवला. "फोडा, पाव्हणं," मामंजींना म्हणाले. आमच्याकडं दिलेला फणस देणाऱ्यासमोर फोडायचा; तसाच ठेवला तर माल पसंत नाही, असा अर्थ. आणि सासरी काय, तर रेशमी साडी मागावर असताना फणसाला कुणी हात लावायचा नाही. चीक बोटाला लागला की धागा चिकटलाच; चीक काढायला तेल लावावं तर रेशमावर डाग. इकडं आड, तिकडं विहीर!

मामंजी मागाच्या खड्ड्यातनं वर बघेनात. आप्पा विणकराचं पोर, त्यांना हे काय सांगायचं, असं त्यांना वाटत असणार. आधीच माणूस घुमा. लग्न झाल्यापासून आप्पांशी धड एक वाक्य बोललेले नाहीत. आप्पांचं तोंड उतरलं. त्यांनी फणस उचलून खांद्यावर घेतला.

"आमचा रानातला माल हितं कोण खातंय, पोरी? हितनं पुढं न्हाय थांबणार मी ह्या दारात."

सुनेनं सोप्यात तोंड उघडायची रीत नव्हती. मी उघडलं.

"खाली ठेवा तो, आप्पा! मागावर लग्नाची साडी हाय. घरात कुणाच्याच हाताला चीक चालत न्हाय. तुम्हीच फोडा आणि तुम्हीच भरवा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. मुलीच्या बापानं व्याह्याला घास भरवायचा? पण आतनं सासूबाईच म्हणाल्या, "भरवा की वो! वासानं जीव चाललाय हितं."

आप्पांनी तळहाताला तेल चोपडलं आणि परसात फणस फोडला. मग काय सांगू! मामंजी, नवरा, दीर ओळीनं उकिडवे, हात पाठीमागं, तोंडं वासलेली. सासूबाई शेवटाला, पदर आडवा धरून. आप्पा एकेकाला गरा भरवतायत आणि आठळ्या थुंकायला सूप घेऊन मी पुढं. मामंजींनी पहिला गरा गिळला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई ग्वाड हाय. आणिक घाला." आप्पा हसले. त्या घरात ते पहिल्यांदाच हसले, आणि मला रडूच कोसळलं.

पुढच्या शनिवारी साडी मागावरनं उतरली होती, सगळ्यांचे हात मोकळे होते. आप्पा फणस घेऊन परसात गेले, तर मामंजी आधीच हात पाठीमागं घेऊन, तोंड उघडून बसलेले.