तापाच्या रोग्याला प्लास्टर

“कागद काय आहे तुमच्याकडे?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“काहीच नाही, वकीलसाहेब. सारं तोंडीच ठरलं होतं,” इंगळे तिसऱ्यांदा म्हणाले.

पन्नासच्या दशकाची ती अखेर. मी अकोल्यात दिवाणी वकिली करत होतो. इंगळे मूळचे हिवरखेडचे, मॅट्रिक झालेले, घरी स्वतःचा टाइपरायटर. एका खाजगी दवाखान्याची बिलं ते करून देत. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कामगार जखमी झाला किंवा आजारी पडला की उपचार तिथले डॉक्टर करायचे, बिल फॅक्टरी भरायची. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावून औषध, ड्रेसिंग, एक्स-रे वेगवेगळं मांडायचं, हे इंगळ्यांचं काम. दर बिलामागे मजुरी ठरलेली. आठ महिने काम झालं, फॅक्टऱ्यांनी डॉक्टरांचे पैसे चुकते केले, इंगळ्यांच्या हाती मात्र दमडी नाही.

आमच्या नोटिशीला डॉक्टरांचं उत्तर आलं: करार कधी झालाच नाही, गरजू माणूस म्हणून दवाखान्यात बसू दिलं, एवढंच. सोबत तोंडी निरोप, शंभर रुपये घ्या आणि विषय मिटवा.

इंगळे भडकले. “मले उपकाराचे पैसे नको! म्या काम केलं. कामाचे द्या म्हना.”

माणूस मला आवडला, पण त्यावर दावा जिंकता येत नाही. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, फक्त तो शाबीत करावा लागतो. इथे तर बिलांवर सहीसुद्धा डॉक्टरांची, इंगळ्यांचं नाव कुठेच नाही. शेवटी मी चिडून म्हणालो, “ती मांडीवरची पिशवी उलटी करा टेबलावर.”

कार्बन कॉप्या निघाल्या. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटच्या घडीत एक चिठ्ठी निघाली. इंगळ्यांनी झटकन तिच्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.

अक्षर डॉक्टरांचं होतं. ‘तापाच्या रोग्याच्या बिलात तुम्ही पायाचं प्लास्टर लावलंत. फॅक्टरीने बिल परत पाठवलं. आपल्या ठरावाप्रमाणे चुकलेल्या बिलाची मजुरी मिळणार नाही. बाकीच्या बिलांची महिनाअखेर देईन.’

“अहो, हाच तर करार! काहून लपवला?”

“माही चूक हाय त्यात,” ते खाली मान घालून म्हणाले. “कोर्टात वाचतीन. मंग अकोल्यात कोनता डॉक्टर मले काम देईन?”

भीती खोटी नव्हती. मी म्हणालो, “चिठ्ठी द्यायची की नाही, तुम्ही ठरवा. नसेल द्यायची तर शंभर रुपये घेऊन मोकळे व्हा.”

दोन दिवसांनी त्यांनी चिठ्ठी आणून दिली. “वाचू द्या,” एवढंच बोलले.

मी ती उलटतपासणीसाठी राखून ठेवली. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं, मजुरी कधी ठरलीच नव्हती. मी चिठ्ठी पुढे केली.

“अक्षर कुणाचं?”

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. “माझं.”

जज्जसाहेबांनी मजकूर मोठ्याने वाचला. प्लास्टरपाशी अख्खं कोर्ट हसलं. इंगळ्यांचे कान लाल झाले, पण या खेपेला मान ताठ होती. ते आपणहून उभे राहून म्हणाले, “साहेब, त्या एका बिलाचे पैसे कापून घ्या. ते माहंच चुकलं होतं.”

हुकूमनामा तसाच झाला. आठ महिन्यांची मजुरी खर्चासह, वजा एक बिल.

तेव्हापासून मी पक्षकाराकडे त्याच्या बाजूचे कागद नंतर मागतो. आधी विचारतो, दाखवायची लाज वाटते तो कागद कुठे आहे?