कार्डावरचा पाणी वाटणारा

वीस वर्षांहून अधिक काळ मी देवापुढे हात जोडत आलो, पण डोळे मिटायला भीत होतो. मिटले की सदाशिव दिसायचा.

आमच्या गावच्या तलावाचं पाणी धानाला पाळीपाळीनं देण्याचं काम आम्हा दोघा मित्रांकडे होतं. एका साली धान निसवत असताना, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत, पाळी नसताना मी माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, पाणी घेतलं आणि तलावाचं दार लावायला विसरलो. तलाव निम्मा रिता झाला, टोकाच्या बांध्या वाळल्या. बैठकीत मी सांगितलं, दार सदाशिवकडे होतं. त्यानं शपथ घेतली, कोणी ऐकलं नाही. त्याचं काम गेलं आणि तो आंबागडला लेकीकडे निघून गेला.

यंदा श्रावणात वरठीला सुनेच्या बहिणीकडे गेलो होतो. ती टॅरो कार्डं बघते. आधी दिवा लावते, मग कार्डं पसरते. माझा काही विश्वास नव्हता. पोपट कुठं ठेवला म्हणून मी तिला चिडवलं.

"पोपट आज तुम्हीच आहा, मामाजी. काढा एक," ती हसून म्हणाली.

मी काढलं. पंखवाला कोणी, एक पाय पाण्यात, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओततोय. अर्थ विचारला, तर ती म्हणाली, "पुस्तकातलं राहू द्या. तुम्हाले काय दिसून राहिलं?"

"पाणी वाटून राहिला."

"कोणाची पाळी आहे?"

"सदाशिवची," मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं. सगळं सांगून टाकलं. तिनं एकही उपदेश केला नाही, फक्त पाण्याचा पेला दिला. पण छातीवरचा धोंडा हलला होता. जेवायलाही थांबलो नाही, तसाच आंबागडच्या वाटेला लागलो. एसटीत इतका उतावीळ झालो होतो की दोनदा चुकीच्या थांब्यावर उठून उभा राहिलो.

सदाशिव अंगणात दोर वळत होता. मी पाय धरायला वाकलो, तर त्यानं पाय मागे घेतले. "इथं सांगून काय होते? जेथं बोलला होतास, तेथं बोल."

त्या रविवारी पाणी सोडण्याआधी गाव तलावाच्या काठावर जमलं. सदाशिवही आला, लांब उभा राहिला. मी उभा राहून सगळं कबूल केलं. टोकाच्या बांधीवाली म्हातारी म्हणाली, "तुह्यापायी माह्या लेकराईनं त्या साली कण्या खाल्ल्या." मी मान खाली घातली. ते ऐकणंही माझ्याच वाट्याचं होतं.

मग सदाशिव पुढे आला. माझ्याकडे न बघता त्यानं दाराचा दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "जाम करून ठेवला. तेल देत नव्हता काय बे?"

इतक्या वर्षांनी तो मला पूर्वीच्या दोस्तीतलं 'बे' म्हणाला. काय सांगू, सत्तरी ओलांडलेला मी लेकरासारखा तेलाची बाटली आणायला घराकडे धावलो!

ते कार्ड माझ्याच हाताला का लागलं, ते मला ठाऊक नाही आणि मी वादही घालत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांभाळत होतो. ते सांभाळणं देवावर सोडलं, आणि त्यानं मला माझ्या मित्राजवळ नेऊन उभं केलं. आता देवापुढे बसलो की डोळे आपोआप मिटतात.