मशीनवरचा आळ

विजेचा खरा उपयोग अख्ख्या औराद तालुक्यात फक्त आमच्या चुलतसासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, कळला आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाकीची माणसं विजेवर मोटारी चालवतात, मोबाइल चार्ज करतात. हे शनिवारी दिवेलागणीला परसात सोळा मिलिमीटरचा जुना प्रोजेक्टर लावतात आणि अर्धी गल्ली सतरंज्या घेऊन धावत येते. नोकरीत ते सरकारी प्रचारगाडीवर ऑपरेटर होते. खत कसं टाकावं, पाणी उकळून का प्यावं, याचे सिनेमे त्यांनी मुडबीपासून कोहिनूरपर्यंत गावोगाव दाखवले. खात्यानं मशीन भंगारात काढलं, तेव्हा पोटच्या पोराला आणावं तसं त्यांनी ते रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आणलं. त्याला तेल देताना ते कानडीत बोलतात, रीळ चढवताना मराठीत, आणि बल्ब उडाला की दखनीत.

पडदा म्हणजे काकूंनी जोडून शिवलेली दोन धोतरं, शेवग्यापासून गोठ्यापर्यंत ताणलेली. पुढं जागा पुरत नाही म्हणून निम्मी मंडळी पडद्यामागं बसतात आणि त्यांना सगळं उलटं दिसतं. एकदा मागून शेजारचे म्हातारबा ओरडले, "अप्पा, तुमचा हिरो डावखुरा हाय की!"

"पुढं येऊन बसा, लगेच उजवा होतंय त्यो."

"नको, हितं वारं चांगलं लागायलंय. ऱ्हाऊ द्या डावखुराच."

मी पन्नाशीचा, शाळेत गणित शिकवणारा माणूस. पण मशीनची खडखड सुरू झाली, धोतरावर उजेड थरथरला आणि शे-दीडशे माणसं एकदम गप्प झाली, की अजून अंगावर काटा येतो. गेल्या उन्हाळ्यात अप्पांनी रीळ माझ्या हाती दिलं तेव्हा तर मला आभाळ ठेंगणं झालं. "आज तुमी चढवा, जावईबापू. दिव्याच्या वर फितीला वळसा तेवढा सैल सोडा. न्हाई सोडला तर फीत अडकून जळतीय बघा."

त्या आनंदात मी नेमका वळसाच विसरलो. दहाव्या मिनिटाला हसणारी नायिका जागीच थिजली, तिच्या गालावर तपकिरी डाग उमटला, पसरला आणि मोठं भोक पडलं. अप्पा धावत येईपर्यंत मी फीत ओढून बाहेर काढली होती. "काय झालं?" त्यांनी विचारलं. आणि रोज पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा मी म्हणालो, "मशीनच अडकलं, अप्पा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. खेळ बंद झाले. तीन आठवडे मशीनचा एकेक स्क्रू वर्तमानपत्रावर मांडून ते दोष शोधत राहिले, दातेरी चाकं टूथब्रशानं घासत राहिले. मी फोन केला की एवढंच म्हणत, "दोष घावंना बघा." चौथ्या शनिवारी बायकोनं सांगितलं, "काका मशीन भंगारात द्यायलेत. एकदा फीत खाल्ली, पुन्हा खाईल म्हणतात." मी तडक बस पकडली.

मशीन पोत्यात बांधून दाराशी ठेवलं होतं. मी चप्पलही न काढता म्हणालो, "अप्पा, मशीन अडकलं नव्हतं. वळसा मी सोडला नव्हता. तुमच्याशी खोटं बोललो."

अप्पांनी पोत्यावर हात ठेवला. "म्हंजे... मशीन चांगलं हाय?"

"चांगलं आहे. चूक माझी..."

"चाकात काई न्हाई? मोटारीत काई न्हाई?"

"काही नाही, अप्पा. मीच..."

"आगं, ऐकलीस का! मशीन चांगलं हाय!" पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. पोतं सोडून, मशीनवर हात फिरवत "तप्पायितु, तप्पायितु," म्हणजे चुकलं, चुकलं, असं म्हणू लागले. तीन आठवडे उगीच आळ घेतला म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कामून असं केलात हो?" एवढ्यात अप्पांनी त्यांना पडदा बाहेर काढायला पिटाळलं.

त्या संध्याकाळी परसात पाय ठेवायला जागा नव्हती. जळालेला तुकडा कापून जोडलेली नायिका हसता हसता एकदम रडायला लागली आणि सगळे खदखदून हसले. मी मशीनजवळ उभा होतो. अप्पा रागावतील, निदान एखादा टोमणा मारतील, म्हणून शेवटपर्यंत थांबलो. त्यांनी माझ्या हातात शेंगा ठेवल्या आणि ते पडद्याकडं बघत राहिले.

कबूल केलं की माणूस हलका होतो म्हणतात. मी अजून दर शनिवारी जातो, पुढं सतरंजीवर बसतो. त्या दिवशीच्या आनंदात अप्पा मला माफ करायचं विसरून गेले, आणि आता त्यांना आठवण करून देण्याचा धीर मला होत नाही.