आठ मात्रा आणि एक शिट्टी

मोशीला इंद्रायणीच्या काठावर आमची इंजिनिअर कंपनी उतरली, तेव्हा दिवाळीला महिनाभर अवकाश होता. साल छप्पन की सत्तावन, यात माझा नेहमी घोळ होतो. पेन्शनचं बुक काढून सांगता येईल, पण ते ट्रंकेच्या तळाशी आहे आणि आता कोण उठतंय. मी हवालदार होतो, वय अठ्ठावीस. माझं गाव महाळुंगे, कॅम्पापासून सात-आठ मैल. एवढ्या जवळ पोस्टिंग मिळालं म्हणून घरचे खूश आणि मी नाखूश. चाकणच्या बाजाराला निघालेला भावकीतला कोणीतरी वाट वाकडी करून गेटवर यायचा आणि पहारेकऱ्याला सांगायचा, आमच्या हवालदाराला जरा बोलवा, सहज आलोय.

काम सांगतो. नदीवर लोखंडी पॅनेलचा जोडपूल टाकायचा, मोडायचा, पुन्हा टाकायचा. पाचला उठणं, साडेपाचला पीटी, सव्वासातला साइटवर फॉल इन, एक वाजता लंगर, म्हणजे जेवण. पुलाचं एक पॅनेल उचलायला सहा जण लागतात, तिघं इकडं, तिघं तिकडं. खालून आडवे दांडे घालायचे आणि एकदम उचलायचं. सगळा जीव त्या 'एकदम'मध्ये आहे. तिघांनी आधी उचललं की भार उरलेल्या तिघांच्या अंगावर जातो. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे आणि मला ते पाठ होतं.

संध्याकाळी पाच ते आठ मोकळीक असायची. तुम्हा सिव्हिलियन लोकांना वाटतं, फौजी माणूस मोकळ्या वेळात बंदूक पुसत बसतो. अहो, पुसून पुसून किती पुसणार? प्रत्येकाला काही ना काही नाद असतो. नाद नसलेला जवान मी दोनच पाहिले आणि दोघंही वेडे झाले. माझा नाद खाण्याचा. रविवारी पास काढायचा आणि सायकलवर पिंपरी गाठायची. तिथं सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत एक गृहस्थ दाल-पकवान विकायचे. पकवान म्हणजे कडक तळलेली पुरी, वर घट्ट डाळ आणि चिंचेचं पाणी. घरदार सोडून आलेला माणूस इतक्या प्रेमानं दुसऱ्याला खाऊ घालतो कसा, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी तीन प्लेटी खायचो आणि परत येताना भोसरीच्या चढावर पस्तावायचो.

किसनचा नाद पखवाजाचा. सॅपर किसन, म्हणजे इंजिनिअर कंपनीतला साधा जवान, वय बावीस, बीडकडच्या डोंगराळ भागातला. अंगानं सडपातळ, बोलायला कमी. त्याचे वडील गावात पखवाज वाजवायचे आणि हा त्यांच्याकडे बघून शिकला. मोशीत उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी यानं गावातलं भजनी मंडळ शोधून काढलं. त्यांचा पखवाजवाला संधिवातानं घरी बसला होता, त्यामुळे त्यांनाही आयताच मिळाला. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय आवाजाला घुमार येत नाही. ही कणीक किसन आमच्या लंगरमधून न्यायचा. लंगरचा कूक पंजाबी. त्याची समजूत झाली की हा पोरगा उपाशी राहतो आणि कच्चं पीठ खातो. तो रोज त्याला दोन रोट्या जास्त वाढू लागला आणि किसन त्या मुकाट्यानं मला आणून द्यायचा.

मीही भजनाला जाऊन बसायला लागलो. देव-देव करणारा मी नव्हे, पण तिथं भजनानंतर पिठलं-भाकरी असायची. तिथंच मला ते सुचलं. भजनाचा ठेका आठ मात्रांचा. आठ संपल्या की पहिलीवर परत यायचं आणि त्या पहिलीवर अख्ख्या मंडळाचे टाळ एकदम पडायचे. वीस माणसं, कोणी शेतकरी, कोणी सुतार, एकानंही कवायत केलेली नाही, आणि टाळ मात्र एकदम. माझे सहा जण पुस्तकातल्या हुकुमावर कधी असे उचलत नव्हते. एक आधी, एक नंतर, एक शिव्या देत.

दुसऱ्या दिवशी साइटवर मी किसनला म्हणालो, तू तोंडानं ठेका म्हण, पहिलीवर आलास की सगळ्यांनी उचलायचं. मी एक शिट्टी मारायची, किसननं आठ मात्रा म्हणायच्या आणि मग पॅनेल वर. काय सांगू राव, लोखंड कापसासारखं उचललं गेलं. माझी पार्टी कंपनीत सगळ्यांत पुढे गेली. सुभेदारसाहेबांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. तीन आठवडे आम्ही असं काम केलं आणि कोणाच्या बोटाला खरचटलंसुद्धा नाही.

चौथ्या आठवड्यात आमचे कंपनीचे साहेब बदलून गेले आणि नवे कॅप्टन आले. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांना चित्रं काढायचा नाद होता. पहिल्याच रविवारी नदीकाठी स्टूल टाकून ते पाण्याच्या रंगांत काहीतरी काढत बसले. मी सॅल्यूट मारून मागे उभा राहिलो. नदी जांभळी काढली होती. मी इंद्रायणीच्या काठचा, जन्मात मला ती जांभळी दिसली नाही. पण मी पुन्हा नदीकडं बघितलं आणि कडेला खरंच थोडी जांभळी वाटली. मग मला काहीच ठरवता येईना.

सोमवारी त्यांनी माझ्या पार्टीचं काम पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"गाना नहीं चलेगा, हवलदार. मेरे पुल पर सिर्फ व्हिसल."

मी सांगून पाहिलं की गाणं नाही, मोजणी आहे. ते शांतपणे म्हणाले की नदीचा आवाज वाढला की तोंडची मोजणी ऐकू येणार नाही, आणि पुलावर हुकूम एकाचाच असतो. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. नवी पद्धत ठरली. लांब शिट्टी म्हणजे तयार, तोकडी शिट्टी म्हणजे उचला, त्याच क्षणी. मंगळवार आणि बुधवार दोन्ही दिवस आम्ही तेच घटवलं. चुकलं नाही. जेवताना मी किसनला विचारलं तेव्हा म्हणाला, "हवालदारसाहेब, त्वांड बंद करता येतं. आतलं कसं बंद करू?" मी त्याला म्हटलं, फाजीलपणा करू नको, जेव.

गुरुवारी ब्रिगेडिअरसाहेबांचं इन्स्पेक्शन. सकाळी सहापासून काम सुरू. पुलाला वरचा थर चढवायचा होता, म्हणजे पॅनेल कमरेपासून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्याच्या वर. साडेदहापर्यंत नऊ पॅनेलं चढली. ऊन चांगलंच तापलं होतं. माझ्या सहा जणांचे हात थरथरायला लागले होते, ते मला दिसत होतं. मी पार्टी बदलायला हवी होती. पण पलीकडच्या काठावर जीप येऊन उभी राहिली आणि मला वाटलं, हे एक होऊन जाऊ दे.

दहावं पॅनेल खांद्यावर होतं. मी लांब शिट्टी मारली. मग तोकडी मारली. अलीकडच्या तिघांनी उचललं. पलीकडचे तिघं थांबले.

एवढंच झालं. किती वेळ थांबले असतील? दोन सेकंद, तीन सेकंद. पॅनेल कललं, दांडा निसटला, आणि पलीकडं मधला उभा होता किसन. इतर दोघं बाजूला पडले. त्याला बाजूला पडायला जागा नव्हती. पॅनेल त्याच्या छातीवरून खाली गेलं.

आम्ही ते उचललं. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी मोजलं नाही, आणि तेव्हा मात्र सगळ्यांनी एकदम उचललं. याचा मला आजही राग येतो. सुभेदारसाहेबांनी वायरलेस सेट घेतला.

"बेस, ब्रिज साइटवरून. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कॅज्युअल्टी किती? ओव्हर."

"एक. ओव्हर."

दहा एक्केचाळीसला हे बोलणं झालं. मी घड्याळ पाहिलं होतं, का पाहिलं ते माहीत नाही. अ‍ॅम्ब्युलन्स अकराला आली. तोवर किसन गेला होता. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो काही बोलला नाही. लोक विचारतात, शेवटचं काय म्हणाला? काही नाही म्हणाला.

संध्याकाळी लक्ष्मण माझ्या तंबूत आला. थांबलेल्या तिघांतला हा एक, आमच्याच मावळातला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "हवालदार, शिट्टी नीट वाजली व्हती. आमीच थांबलो. किसन मान हलवत आठ मात्रा मोजत व्हता. त्याची मान बघून आमी थांबलो."

मी त्याला विचारलं, हे आणखी कोणाला सांगितलंस? तो म्हणाला, न्हाई. मी म्हटलं, सांगू नको. कारण दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अपघाताची फौजी चौकशी, बसणार होती. तिथं हे आलं असतं, तर कागदावर उतरलं असतं की सॅपर किसन हुकूम न पाळल्यामुळे स्वतःच्या चुकीनं मेला. ज्याला मी ठेका म्हणायला लावला, तीन आठवडे म्हणायला लावला, त्याच्या नावापुढं कायमचं हे. मला ते सहन होणारं नव्हतं. रात्रभर मी एवढंच ठरवत होतो आणि तेही धड ठरेना. ठेका शिकवला नसता तर तो वाचला असता का? की ठेका बंद केला नसता तर? एक धरलं की दुसरं सुटायचं.

सकाळी नऊला मला आत बोलावलं. एका मेजरसाहेबांनी विचारलं, उचलण्याचा हुकूम स्पष्ट होता का?

"नाही साहेब. तोंड कोरडं पडलं होतं. तोकडी शिट्टी अर्धवट वाजली. काहींना ऐकू आली, काहींना नाही. चूक माझी."

आमचे कॅप्टनसाहेब शेजारीच बसले होते. त्यांनी मान वर केली. म्हणाले, "हवलदार, मैं वहीं खड़ा था. मैंने व्हिसल साफ सुनी."

"नहीं सुनी होगी, साहब."

कॅप्टनला असं उत्तर देणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग मेजरसाहेबांकडं वळून म्हणाले की नदीचा आवाज होता, आपलीही चूक होऊ शकते. माझी एक फीत कमी झाली, हवालदाराचा नाईक झालो. पुढं तीन वर्षं नाईकच राहिलो.

महिन्यानं रजा काढून मी किसनच्या गावी गेलो. पुणे, दौंड, अहमदनगर, तिथून एसटी आणि शेवटी पाच मैल पायी. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. मी त्याचं सामान पुढं ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "माझ्या लेकरानं काई चूक केली का, साहेब?"

"नाही बाबा. शिट्टी माझी चुकली."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. आतून भाकरी आणि तुरीचं वरण आलं. स्वतःच्या हातानं त्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "खरं सांगाया इतक्या लांब आलात, तुमचे उपकार. जेवून जा. पण पुन्हा या उंबऱ्याला येऊ नका."

मी जेवलो. पुन्हा गेलो नाही.

आता गंमत बघा. इतकी वर्षं मी ही शिट्टी अर्धवट वाजली म्हणून सांगत आलो, घरी सांगितलं, पोरांना सांगितलं. सांगता सांगता मला ती तशीच ऐकू यायला लागली. खोटं बोललो होतो की खरंच बोललो होतो, हे आता माझं मलाच कळत नाही. लक्ष्मण असता तर विचारलं असतं, पण तोही गेला. बायको म्हणते, सोडा आता. सोडायला काय, पण कुठलं धरलंय तेच माहीत नाही.

एक मात्र कागदावर आहे आणि ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. सॅपर किसन, वय बावीस, ड्यूटीवर असताना मृत्यू, स्वतःची चूक नाही.